कोरड्या दिवसांचे निरोप

केरळातल्या वेळ्ळप्पारा गावच्या वाचनालयात माडीवर एक खोली आहे. तिच्यावर पाटी नाही, पण गावात कुणालाही विचारा, ‘टीचरची खोली’ असंच सांगतील. टीचर म्हणजे एलिश्वा टीचर. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही. भाऊ लवकर गेला, त्याची मुलं पदराखाली घेतली, शिकवली. ती मुलं आयर्लंडला गेली आणि तिथलीच झाली. नाताळला व्हिडिओ कॉल यायचा. सगळ्यांची तोंडं एका चौकटीत मावावीत म्हणून तिकडे ढकलाढकली चालायची, आणि इकडे टीचर भिंतीला टेकून एकट्याच चौकटभर दिसायच्या. फोन ठेवला की घर आणखीच मोठं व्हायचं. म्हणून त्या रोज सकाळी उठून चर्चला जायच्या आणि चर्चमधून सरळ वाचनालयाच्या माडीवर.

खोलीत एक जुना संगणक होता आणि त्याला जोडलेली एक बाहेरची डिस्क. संगणकाची ओढ टीचरना शाळेपासूनची. सरकारनं शाळाशाळांतून मुक्त प्रणालीचे संगणक आणले तेव्हा बाकीच्या शिक्षकांनी कपाळाला हात लावला होता. टीचर मात्र प्रशिक्षणाहून परतल्या त्या हरखूनच. या प्रणालीत झाकलेलं काही नव्हतं. यंत्र सुरू झालं की कुठलं काम आधी उठायचं, कुणी कुणासाठी थांबायचं, कुठली डिस्क कुठल्या फोल्डरवर येऊन बसायची, सगळं साध्या ओळींत लिहिलेलं. उघडा, वाचा, पटलं नाही तर बदला. माणसांच्या बाबतीत अशी सोय नसते, हे टीचरना चांगलं ठाऊक होतं.

मोठा पूर येऊन गेला त्या साली वाचनालयाच्या कमिटीनं ठरवलं, की वरच्या डोंगरात किती पाऊस पडला हे खालच्या बाजाराला वेळेत कळलं पाहिजे. नदी काही सांगून चढत नाही. डोंगरावरच्या घरांच्या अंगणांत पर्जन्यमापक बसवले. रोज सकाळी घरातल्या कुणीतरी नळीतलं पाणी मोजायचं आणि वाचनालयाच्या नंबरवर फोन करून आकडा सांगायचा. फोन माणूस उचलत नसे, संगणक उचलायचा. आवाज मुद्रित करून डिस्कवर ठेवायचा. टीचर येऊन ते निरोप ऐकायच्या आणि आकडे खाली दाराशी फळ्यावर लिहायच्या.

पावसाळाभर निरोपांची झुंबड असे. कुणी आकडा सांगता सांगता सुनेवर ओरडे, कुणाचा कोंबडा मध्येच आरवे. तुलामासातला, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरातला पाऊस संपला की एकेक फोन बंद होत जाई. नळी कोरडी, मग सांगायचं काय? डिसेंबरपर्यंत यंत्र गप्प होई.

फक्त एक निरोप चुकत नसे.

“टीचर, मी औसेप बोलतोय. आज पाऊस शून्य.”

औसेपचेट्टन, म्हणजे औसेपदादा, सगळ्यांत वरच्या घरात राहायचे. वेलदोड्याची थोडी बाग, मिरीचे वेल, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सिबी कोईमतूरला नोकरीत. घसा खाकरून बोलायची सवय. पहिल्या हिवाळ्यात टीचरनी त्यांना फोन केला होता.

“औसेपचेट्टा, पाऊस नाही तेव्हा फोन केला नाही तरी चालतं हो.”

“असं कसं टीचर? शून्य आहे हेसुद्धा बघितल्याशिवाय कळतं का? मीटिंगमध्ये तुम्हीच म्हणाला होता.”

“म्हणाले होते खरं.”

“मग आता शब्द फिरवू नका. गणिताच्या बाई तुम्ही.”

टीचरना हसू आलं, पण त्यांनी ते फोनवर जाऊ दिलं नाही.

त्यानंतर शून्याला शेपूट फुटू लागलं. “आज पाऊस शून्य. उंबरावर धनेशाची जोडी आली होती. नर फळ तोडून मादीला देत होता. माझ्याकडं बघून दोघंही उडाले, मी काय त्यांची उंबरं खाणार होतो?” कधी, “पाऊस शून्य. आज कप्प्याचा कंद उकडला आणि मीठ घालायला विसरलो. तसाच खाल्ला. म्हातारपणी जिभेला काय कळतंय.” कधी नुसतं, “पाऊस शून्य. धुकं मात्र इतकं, की नळी शोधायला हाताची मदत घ्यावी लागली.” टीचर तो निरोप हेडफोन लावून ऐकायच्या, बिनदुधाच्या कट्टन चहाचे घोट घेत. मग आपल्या मोबाइलवरून एक मिस्ड कॉल द्यायच्या. एक रिंग वाजली की बंद. याचा अर्थ, पोचलं. असं कधी ठरलं, कुणी ठरवलं, हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

प्रत्यक्ष भेट म्हणाल तर चर्चच्या पेरुन्नाळला, म्हणजे वार्षिक जत्रेत, गर्दीत झाली तर. एकदा बँडच्या गोंगाटात दोघं समोरासमोर आली. औसेपचेट्टन पांढरंशुभ्र मुंडू नेसून आले होते.

“तुमचा आवाज फोनवर जरा जाड वाटतो,” टीचर म्हणाल्या.

“यंत्रामुळं असेल.”

“असेल.”

औसेपचेट्टन म्हणाले, “पळंपोरी घ्या, गरम आहेत,” आणि केळ्याच्या भज्यांचा पुडा त्यांच्या हातात ठेवून गर्दीत शिरले. दुसऱ्या दिवशी निरोपात मात्र अख्ख्या जत्रेचं वर्णन होतं, पाद्री प्रवचनात किती वेळा शिंकले इथपासून.

पुढच्या पावसाळ्यात एक घोटाळा झाला. टीचर तापानं घरी पडल्या होत्या. वीज गेली, आली, संगणक आपोआप सुरू झाला, पण डिस्क काही त्याला सापडेना. आता या यंत्राचा स्वभाव असा, की सुरू होताना जी डिस्क जोडायची म्हणून लिहिलंय ती नसेल, तर ते पुढं पाऊल टाकत नाही. काळ्या पडद्यावर तक्रार लिहून माणसाची वाट बघत बसतं. इकडे डोंगरावरची माणसं फोन करून दमली. पाणी बाजाराच्या पायऱ्यांपर्यंत आलं. कुणाला इजा झाली नाही, पण वाचनालयाचे सेक्रेटरी दिवाकरन यांना बोलायला विषय मिळाला.

“टीचर, तुमच्याबरोबर तुमचं यंत्रही पेन्शनीत निघालं वाटतं!”

“यंत्र शहाणं आहे. अर्धवट तयारीनं कामाला लागत नाही. कमिटीच्या लोकांसारखं नाही ते.”

“बघा, बोलायला गेलो की फटका. ताप उतरला म्हणायचा!”

उत्तर दिलं खरं, पण टीचरना ते लागलं होतं. त्यांनी बसून डिस्कच्या ओळीत एक शब्द वाढवला. त्याचा अर्थ असा, की ही डिस्क नाही मिळाली तरी अडून राहू नकोस, पुढं चल. मग वीज घालवून, आणून, दोनतीनदा पाहिलं. यंत्र न अडता सुरू होत होतं, निरोप घेणारा कार्यक्रम आपोआप उठत होता. टीचर समाधानानं घरी गेल्या.

जानेवारीत वाचनालयाला नवा इन्व्हर्टर मिळाला. तो बसवताना एकदा वीज बंद केली, पुन्हा चालू केली. त्यानंतर मात्र कितीही वेळा वीज गेली तरी संगणक बंद पडेना. दिवाकरननी त्या आनंदात सगळ्यांना चहा पाजला.

इन्व्हर्टर बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टीचरनी फोल्डर उघडला. नवा निरोप नव्हता.

डोंगरात रेंजचं असं होतंच. त्यांनी चहा पिऊन पुन्हा पाहिलं. त्याच्या पुढच्या दिवशीही काही नव्हतं, आणि त्याच्याही पुढच्या. टीचरनी यंत्र तपासलं. संगणक चालू. डिस्क जोडलेली, जुने सगळे निरोप जिथल्या तिथं. निरोप घेणारा कार्यक्रम चालू. तिन्ही गोष्टी ठीक, म्हणजे फोनच आला नव्हता.

आपणच एक फोन लावून बघावा, हे त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. शाळेतल्या पोरालाही सुचलं असतं. बोट नंबरावर नेलंही एकदा. पण फोन लागला आणि निरोप नीट उमटला, तर मग शंकेलाही जागा उरणार नाही. औसेपचेट्टननी फोन करणं सोडलं, हे पक्कं होऊन बसेल. त्यापेक्षा यंत्रात काहीतरी बारीक खोट असेल असं धरून चालणं बरं. टीचरनी बोट मागं घेतलं. आयुष्यभर मुलांना ‘ताळा करून बघा’ म्हणून दटावणाऱ्या बाईनं ताळा करायचं टाळलं.

आणि औसेपचेट्टनना सरळ फोन करायचा, तर विचारायचं काय? पाऊस तर नव्हता. लग्न न झालेली बाई एका विधुराला ‘तुम्ही फोन का केला नाही’ असं विचारणार? वयानं काही गोष्टी सोप्या होतात म्हणतात, ही त्यांतली नव्हती.

महिनाभरानं डोंगरावर फेऱ्या मारणाऱ्या जीपवाल्याकडून कळलं, की औसेपचेट्टनच्या घरापुढं तमिळनाडूच्या नंबरची गाडी उभी असते. मुलगा आलाय.

“बरं झालं,” टीचर म्हणाल्या. “सोबत झाली.”

घरी जाताना त्या स्वतःवरच चिडल्या. मुलगा घरी आल्यावर माणूस यंत्राशी कशाला बोलेल? यंत्राशीच तर बोलत होता तो. आपण उगाच मध्ये जाऊन बसलो होतो. ईस्टरआधीचा मोठा उपास लागला, त्या दिवसापासून त्यांनी सकाळी माडीवर जाणं सोडलं. दिवाकरननी विचारलं, तर म्हणाल्या, “कोरड्या दिवसांत तिथं काय आहे बघायला?”

ईस्टर झाला. फणस पिकून पडू लागले. पावसाळ्याच्या आधी दरवर्षी टीचर यंत्राची साफसफाई करत, तशी त्या साली मे महिन्यात करायला घेतली. सकाळची वेळ. खाली म्हातारे वर्तमानपत्राची पानं वाटून घेत होते. टीचरनी निरोप घेणारा कार्यक्रम थांबवला, डिस्क तपासायची म्हणून फोल्डरवरून सोडवली, आणि हाताच्या सवयीनं फोल्डरमध्ये काय आहे ते यंत्राला विचारलं. डिस्क काढल्यावर तो फोल्डर रिकामा असायला हवा.

पडदाभर नावं उतरली. प्रत्येक नावात तारीख. जानेवारी. फेब्रुवारी.

टीचर बघतच राहिल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं तसा खुर्चीचा हात त्यांनी घट्ट धरला. डिस्क फोल्डरवर जोडली की ती झाकणासारखी बसते. आधी त्या फोल्डरमध्ये काही असलं तर पुसलं जात नाही, फक्त झाकण असेपर्यंत दिसत नाही. इन्व्हर्टर बसवला त्या दिवशी डिस्क उठायला उशीर झाला होता. अडून राहू नकोस, असं त्यांनीच लिहून ठेवलेलं. यंत्र अडलं नाही. निरोप घेणारा कार्यक्रम उठला आणि रिकाम्या फोल्डरमध्ये जाऊन कामाला बसला. मागून डिस्क आली, वर बसली. तो आतच राहिला. येणारा प्रत्येक फोन त्यानं इमानानं घेतला आणि खालच्या अंधारात रचत गेला. इन्व्हर्टरमुळे यंत्र पुन्हा कधी बंद पडलं नाही, म्हणून हे कधी सुटलंही नाही.

त्यांनी हेडफोन लावला.

“टीचर, मी औसेप बोलतोय. आज पाऊस शून्य. मिरी तोडायला माणसं आली आहेत, दोघं झाडावर नि तिघं गप्पा मारायला.”

“आज पाऊस शून्य. काल तुमची रिंग वाजली नाही. रेंज नसेल.”

“शून्य. रिंग आजही नाही. मी फोन खिशात घालून गोठ्यापलीकडच्या खडकावर जाऊन बसलो होतो, तिथं रेंज चांगली असते. माकडं येऊन बघून गेली, म्हातारा इथं काय करतोय म्हणून.”

“टीचर, तब्येत बरी ना? जीपवाल्याला विचारलं, तो म्हणाला टीचर वाचनालयात दिसल्या, छान आहेत. मग बरं. पाऊस शून्य.”

“माझ्या बोलण्याचा राग आला का? परवा मी पाद्र्यांची नक्कल केली ती तुम्हाला आवडली नसेल. आता नुसता आकडा सांगत जाईन. शून्य.”

त्यानंतर बरेच दिवस खरोखरच नुसता आकडा होता. घसा खाकरणं, शून्य, आणि फोन ठेवायच्या आधी थोडा वेळ शांतता. त्या शांततेत मागं कुठंतरी पक्षी ओरडत होता. टीचर एकेक निरोप पूर्ण ऐकत होत्या. मध्ये दिवाकरन वर डोकावले.

“टीचर, चहा?”

टीचरनी हात हलवून नको म्हटलं. त्यांचा चेहरा पाहून दिवाकरन जिन्यावरच थांबले आणि खाली गेले.

“पाऊस शून्य. सिबी आलाय. म्हणतो, घर विकू, माझ्याकडं चला, इथं एकटे काय करता. मी म्हटलं, एकटा कुठं? मला रोज सकाळी एका ठिकाणी निरोप द्यायचा असतो. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय.”

आणि मग काही दिवसांनी:

“टीचर, आज पाऊस शून्य. एक विचारायचं होतं. तुमच्या मोबाइलवर फोन करून विचारता आलं असतं, पण तिथं माझी जीभ वळायची नाही. इथं निदान पावसाचं निमित्त आहे. सिबी कागद घेऊन आलाय. माझं मन होत नाही. पण राहायचं तर कशासाठी, हे त्याला सांगता आलं पाहिजे. तुम्ही म्हणालात तर मी राहतो. तुम्ही काही बोलायला नको. नेहमीसारखी एक रिंग द्या. बास.”

पुढच्या निरोपात फक्त, “शून्य.”

त्याच्या पुढच्यातही.

शेवटचा निरोप उपास सुरू होण्याच्या आदल्या दिवसाचा होता. “टीचर, औसेप बोलतोय. उद्या निघतोय. पर्जन्यमापक शेजारच्या कार्त्यायनीच्या अंगणात बसवून दिलाय. तिला मोजायला शिकवलंय, पण ती नळी तिरकी धरते, पावसाळ्यात एकदा रागवा तिला. तुमचं उत्तर मला कळलं. त्यात वाईट वाटून घेऊ नका, मीच भलतं विचारलं. आज पाऊस शून्य.”

टीचरनी हेडफोन काढला. खाली कुणीतरी निवडणुकीवरून तावातावानं बोलत होतं. त्या उठल्या, खिडकीशी गेल्या, परत आल्या. औसेपचेट्टनचा नंबर लावला, तो लागेना. मग जीपवाल्याला फोन करून म्हणाल्या, “वर जायचंय. आत्ता.”

औसेपचेट्टनच्या घराला कुलूप होतं. नव्या मालकानं अंगणात सिमेंटची पोती उतरवली होती. शेजारच्या अंगणात कार्त्यायनी चेची, म्हणजे कार्त्यायनीताई, मिरी वाळत घालत होत्या. टीचरना पाहून त्यांनी डोक्याचा टॉवेल सोडून हात पुसले.

“या टीचर. एवढा चढ चढून? मोजमाप बघायला आलात होय? अजून पाऊस कुठाय.”

“नाही चेची. औसेपचेट्टनचा कोईमतूरचा नंबर हवाय. जुना लागत नाही.”

चेचींनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. “आता हवाय?” एवढंच म्हणाल्या. आत जाऊन फोन घेऊन आल्या. मग स्वतःहूनच सांगू लागल्या, “जायच्या आधी फार गप्प गप्प झाले होते हो. खडकावर जाऊन बसायचे सकाळचे. मी म्हटलं, चेट्टा, ऊन लागेल. तर म्हणाले, फोनची वाट बघतोय. मी म्हटलं, मुलगा तर घरातच आहे, मग कुणाचा फोन?”

टीचरनी नंबर घेतला. चेचींनी भरून दिलेली मिरीची पुरचुंडीही घेतली, नाही म्हणायचं त्यांना सुचलं नाही.

फोन त्यांनी जीप खाली पोचायच्या आत, रस्त्याच्या वळणावर उतरून लावला.

“हॅलो, कोण?” मागं टीव्ही मोठ्यानं चालू होता.

“औसेपचेट्टा, मी एलिश्वा.”

टीव्ही तसाच चालू राहिला. मग तो बंद झाला.

“टीचर.”

“तुमचे निरोप मला आज मिळाले. सगळे. आज सकाळी. ते यंत्रात होते, पण डिस्कच्या खाली गेले होते, मला दिसत नव्हते. चूक माझी. मीच तसं लिहून ठेवलं होतं.”

“डिस्कच्या खाली?”

“हो. झाकले गेले होते.”

“म्हणजे तुम्ही ऐकलेच नव्हते?”

“नाही. मला वाटलं, तुम्ही फोन करायचं सोडलं.”

“मी? मी कशाला सोडीन?” आणि ते हसले, पण ते हसणं मध्येच खोकल्यात गेलं. खोकला थांबल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “मग आता ऐकलंत सगळं?”

“ऐकलं.”

“शेवटचं पण?”

“त्याच्या आधीचं पण.” रस्त्यावरून एक ट्रक गेला, तो जाईपर्यंत त्या थांबल्या. “रिंग दिली असती मी. तेव्हाच्या तेव्हा दिली असती.”

पलीकडं काठी टेकल्याचा आवाज आला.

“हे सांगितलंत, बरं केलंत,” औसेपचेट्टन म्हणाले. “पण घर गेलं टीचर. आणि मार्चमध्ये बाथरूममध्ये पडलो, खुब्यात खिळा बसवलाय. आता काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातो. तो चढ काही मला चढवायचा नाही.”

माझं घर खाली आहे, तिथं चढ नाही, असं टीचरच्या ओठावर आलं. भावाच्या मुलांच्या बंद खोल्या डोळ्यांपुढं आल्या. सगळं गाव डोळ्यांपुढं आलं, दिवाकरन, चर्चमधल्या बायका, आणि गाव तरी कशाला, त्या स्वतःच डोळ्यांपुढं आल्या.

“काळजी घ्या,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही पण.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी यंत्र दुरुस्त केलं. डिस्क जागेवर आली नाही तोवर निरोप घेणाऱ्यानं उठायचंच नाही, असं लिहिलं. झाकणाखालचा फोल्डर असा बंद करून टाकला, की डिस्कशिवाय त्यात कुणाला अक्षरही ठेवता येऊ नये. आणि डिस्क नाही आली, तर आपल्या मोबाइलवर तसं कळावं अशी व्यवस्था केली. ते खालचे निरोप डिस्कवर आपापल्या तारखांना नेऊन ठेवले. पर्जन्याच्या तक्त्यात जानेवारी-फेब्रुवारीच्या मोकळ्या जागी शून्यं भरली. काम अर्ध्या तासाचं. टीचरना संध्याकाळ झाली.

पावसाळाभर त्या दर रविवारी कोईमतूरला फोन लावत. वरच्या डोंगरात किती पडला ते सांगत. औसेपचेट्टन विचारत, “कार्त्यायनी नळी सरळ धरते का?” टीचर सांगत, “धरते आता.” मग पुढं काय बोलायचं, असं व्हायचं. यंत्राशी बोलताना ज्या माणसाला धनेश, माकडं, कप्पा सगळं सुचत असे, त्याला नवव्या मजल्यावरच्या गॅलरीतून दिसणारं सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. कधी सून फोन उचलून म्हणे, “अप्पच्चन झोपलेत.” हळूहळू रविवार चुकू लागले.

ओणम झाल्यावर टीचरनी एक दिवस फळ्याचं काम दिवाकरनकडं सोपवलं आणि कोईमतूरची बस धरली. कुठं जाता, असं दिवाकरननी विचारलं नाही. त्यांनी फक्त छत्री पुढं केली. “घाटात पाऊस असेल टीचर.”

सुनेनं दार उघडलं. औसेपचेट्टन दाराकडं पाठ करून खुर्चीत बसले होते. खांदे अगदी लहान झाले होते. सुनेनं, “अप्पच्चन, कोण आलंय बघा,” म्हटलं, तरी त्यांनी मान वळवली नाही.

“औसेपचेट्टा,” टीचर म्हणाल्या.

आवाज ऐकून ते वळले. चेहरा ओळखायला त्यांना क्षणभर वेळ लागला असेल, पण आवाजाला नाही लागला.

दुपारभर दोघं गॅलरीत बसली. सून चहा देऊन गेली, फणसाचे गरे देऊन गेली, आणि मग शहाण्यासारखी आतच राहिली. बोलणं फार झालं नाही. औसेपचेट्टननी खुब्याचा एक्सरे दाखवला. टीचरनी गावातल्या दोन लग्नांचं आणि एका मयताचं सांगितलं. मध्ये एकदा औसेपचेट्टननी टीचरच्या हातावर हात ठेवला, खिळखिळा, सालपटं निघालेला हात, आणि बराच वेळ काढला नाही. टीचरनीही आपला हलवला नाही. खाली रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या.

“मुक्कामाला राहा,” निघताना ते म्हणाले.

“उद्या आकडे लिहायचे आहेत.”

“हो, ते आहेच.”

लिफ्टचं दार लागेपर्यंत ते काठीवर रेलून उभे होते.

परतीच्या बसमध्ये टीचरच्या शेजारी एक अनोळखी बाई येऊन बसली. हातात रुग्णालयातल्या औषधांची पिशवी. “कुणाकडं गेला होता चेची?” तिनं विचारलं.

“ओळखीच्यांकडं.”

“नात्यातले?”

टीचरनी मांडीवरची छत्री सरळ केली. “नाही,” त्या म्हणाल्या. “आमच्या डोंगरावरचे.”

बाईनं मान डोलावली. घाट लागला तशी तिला झोप लागली आणि वळणावळणानं तिचं डोकं टीचरच्या खांद्यावर येऊन टेकलं. बाहेर काचेवर पाऊस चालू झाला होता. खांदा अवघडला, मुंग्या आल्या, तरी टीचर आपलं गाव येईपर्यंत हलल्या नाहीत.